गडगा शाबूत आहे का? स्तनाच्या गाठीची स्लाइड रंगवताना आणि वाचताना

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एक मुलगा पहिल्या एसटीने रत्नागिरीत उतरून आमच्या लॅबमध्ये आला. पिशवीत लोणच्याची धुतलेली बरणी होती. बरणीत त्याच्या आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आणि तो बुडेल एवढं सलाइन. तुकडा आदल्या दिवशी दुपारी काढलेला, म्हणजे १८-२० तास तो तसाच राहिला होता. झाकण काढलं तेव्हाच वास आला. तरीही आम्ही तुकडा मेणात बसवून ब्लॉक केला, रंग दिले. केंद्रकं पुसट, पेशींच्या कडा विरघळलेल्या, निळा रंग यायला हवा तिथे करडी धूळ. साधी गाठ की कॅन्सर, यातलं काहीही त्या स्लाइडवरून लिहिणं खोटेपणा झाला असता. मुलाला समोर बसवून सांगावं लागलं, की आईला पुन्हा सुई टोचावी लागेल. तो काहीच बोलला नाही, फक्त रिकामी बरणी परत मागितली.

मी गेली १९ वर्षं रत्नागिरीत पॅथॉलॉजीचं काम करते. हे लिहितेय ते कोकणातल्या लहान लॅबमध्ये नव्याने आलेल्या टेक्निशियन मुलामुलींसाठी आणि एकट्याने स्लाइड वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी. पहिला भाग मात्र पेशंटच्या घरच्यांनीही वाचावा, कारण बरणी बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.

बरणीपासून सुरुवात

तुकडा शरीरातून निघाला की तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. सलाइन नको, स्पिरिट नको, नुसतं बर्फात ठेवणंही नको. फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्क्यांचं, बफर घातलेलं. एक लिटर करायचं तर बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर टाळून पैसे वाचवू नका. बिनबफरचं फॉर्मॅलिन हळूहळू आंबट होतं, तुकड्यातल्या रक्ताशी मिळून काळपट कण सोडतं, आणि पुढे आयएचसीच्या, म्हणजे अँटिबॉडी लावून रंगवण्याच्या वेळी ते कण डोळ्यांत धूळ फेकतात. तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं.

अख्खी गाठ आली असेल तर ती तशीच बुडवून ठेवू नका. फॉर्मॅलिन आत फार सावकाश शिरतं. आपल्याकडे बांगडा खारवताना बायका आधी तो चिरून उघडा करतात, मगच मीठ भरतात. न चिरता मिठात टाकलेला बांगडा बाहेरून कडक दिसतो आणि काट्याजवळ कुजतो. गाठीचं तसंच आहे. सर्जननी घातलेले टाके बघून दिशा लिहून घ्या, बाहेरून शाई लावा, आणि मग ५ मिलिमीटरच्या अंतराने काप द्या. तळ सुटू देऊ नका, पुस्तकाच्या पानांसारखे काप राहू देत. पानांच्या मध्ये टिश्यू पेपर सरकवला तर फॉर्मॅलिन सगळीकडे पोचतं.

फॉर्मॅलिनमध्ये राहण्याची मुदत किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास. सुईने काढलेली बायोप्सी शेवयीएवढी बारीक असली तरी तिलाही ६ तास द्यायचेच. दोन तासांत वरून घट्ट झाली म्हणून घाई केली, तर पुढे हार्मोन रिसेप्टरचा रंग खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि त्या रंगावर त्या बाईची कित्येक वर्षांची औषधं ठरतात. उलट बाजूची चूक आपल्याकडे गणपतीत होते. लॅब बंद, टेक्निशियन गावी, आणि तुकडा पाच दिवस फॉर्मॅलिनमध्ये. सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी आलेला तुकडा पुढच्या टप्प्यात ढकलून मगच गावी जा. बरणीवर दोन वेळा लिहायला सांगा, तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. आमच्याकडे त्या वेळा नसलेली बरणी आली तर मी स्वतः फोन करून विचारते.

ब्लॉक, पाती आणि पाऊस

अल्कोहोल, झायलीन, मेण हा क्रम सगळ्यांना माहीत असतो, तो परत सांगत नाही. स्तनात चरबी भरपूर असते, म्हणून अल्कोहोल आणि झायलीनमध्ये जास्त वेळ द्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. चरबी नीट निघाली नाही तर सेक्शनला, म्हणजे ब्लॉकच्या पातळ कापाला, भोकं पडतात आणि नेमका गाठीचा भाग गळून जातो.

कोकणात खरी अडचण करतो तो पाऊस. अॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुलैत बाटलीचं झाकण सैल राहिलं तर त्याला अॅब्सोल्यूट म्हणण्यात अर्थ नाही. असं अल्कोहोल वापरलं की पुढच्या झायलीनला दुधाळ झाक येते, मेण आत मुरत नाही आणि ब्लॉक लोण्यासारखा लिबलिबीत होतो. तपासायला सोपा उपाय आहे. भाजून पांढरं केलेलं कॉपर सल्फेट चिमूटभर काचेच्या नळीत घ्या, त्यावर थोडं अल्कोहोल ओता. निळं झालं तर पाणी शिरलंय, अल्कोहोल बदला. घरी आगोटीला जसं सुकं मासळी, तिखट, लाकडं भरून ठेवतात, तशी आमच्या लॅबमध्ये मे महिन्यात अल्कोहोलच्या सीलबंद बाटल्यांची आगोट भरली जाते.

मे महिन्याचं दुखणं वेगळं. उकाड्यात मेण मऊ पडतं आणि सेक्शन चुरगळतं. ५८ ते ६० अंशांना वितळणारं मेण घ्या, ब्लॉक बर्फावर चांगला गार करा, मगच पाती चालवा. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचं हवं. जाड सेक्शनमध्ये पेशी एकावर एक चढतात आणि साधी पेशीसुद्धा भीतिदायक दिसते.

सुईची बायोप्सी असेल तर पहिल्याच बैठकीत जास्तीची सेक्शन्स कापून ठेवा, निदान सहा, चार्ज्ड स्लाइडवर, म्हणजे सेक्शन घट्ट धरून ठेवणाऱ्या काचेवर. नंतर आयएचसी हवी झाली म्हणून ब्लॉक परत मायक्रोटोमला, म्हणजे कापायच्या यंत्राला लावला, की तो सरळ करण्यातच अर्धी शेवयी जाते. दोन-तीन मिलिमीटरची संशयाची जागा अशी कायमची हरवलेली मी पाहिली आहे.

निळा आणि गुलाबी

हिमॅटॉक्झिलिन मिळतं ते मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून, आणि त्याला तुरटीची जोड दिल्यावर ते केंद्रकाला चिकटतं. इतक्या वर्षांत कितीतरी अँटिबॉडीज आल्या, तरी निदानाचा पाया हाच निळा आणि त्यावर इओसिनचा गुलाबी आहे. मला जर कुणी सांगितलं की एकच रंग ठेव, बाकी सोड, तर मी हीच जोडी, म्हणजे एच अँड ई, ठेवीन.

आमची पद्धत अशी. झायलीनच्या दोन बदलांत पाच-पाच मिनिटं ठेवून मेण काढायचं, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणायचं. हॅरिसचं हिमॅटॉक्झिलिन रोज सकाळी गाळून घ्यायचं. वर धातूसारखी चमकती साय येते, ती स्लाइडवर बसली तर काळे डाग पडतात. त्यात ५ ते ८ मिनिटं. धुऊन एक टक्का आम्ल-अल्कोहोलमध्ये दोन-तीन बुडक्या, आणि लगेच पाणी. मग निळं करणं. त्यानंतर इओसिन १ ते २ मिनिटं, चढतं अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स हा चिकट द्रव लावून वर काच.

निळं करण्याच्या पायरीवर इथे अनेकजण अडकतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, वाहत्या नळाखाली धरा. ते नळाचं पाणी अल्कधर्मी आहे असं गृहीत धरलेलं असतं. आमच्या लॅबला जांभ्यातल्या विहिरीचं पाणी येतं. सुरुवातीच्या वर्षात माझ्या सगळ्या स्लाइड तांबूस-जांभळ्या राहायच्या आणि मी हिमॅटॉक्झिलिनची बाटली बदलत बसायचे. शेवटी पीएच पट्टी पाण्यात बुडवली, तेव्हा पाणी आम्लाकडे झुकलेलं निघालं. त्या दिवसापासून स्कॉटचं पाणी करून ठेवतो. एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम. मिनिटाभरात केंद्रकं निळीशार होतात.

रंग बरोबर बसला हे कसं ओळखायचं? केंद्रकाच्या आतलं क्रोमॅटिन वेगळं दिसलं पाहिजे, केंद्रकाची कड रेघेसारखी दिसली पाहिजे. गुलाबीच्या तीन छटा हव्यात: तांबड्या पेशी ठसठशीत, स्नायू मध्यम, तंतू फिके. सगळं एकाच गुलाबीत बुडालेलं असेल तर इओसिन जास्त झालंय. पण जास्त घातक चूक हिमॅटॉक्झिलिनची. रंग जास्त चढला की प्रत्येक केंद्रक काळंभोर होतं, आणि काळंभोर केंद्रक हे तर कॅन्सरचं लक्षण म्हणून आपण शिकलेलो असतो. स्लाइड संशयास्पद वाटली की आधी त्याच स्लाइडवरची एखादी लिम्फोसाइट आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पेशी बघा. त्यासुद्धा शाईसारख्या काळ्या असतील, तर दोष रंगाचा आहे, गाठीचा नाही. नवीन स्लाइड रंगवून घ्या.

मग वाचायचं काय

सगळ्यात कमी पॉवरवर सुरू करा. स्तनाची नैसर्गिक रचना म्हणजे नळ्या आणि त्यांच्या टोकाला ग्रंथींचे झुबके. प्रत्येक नळीला पेशींचे दोन थर असतात. आतला थर दूध तयार करणाऱ्या अस्तराचा. बाहेरचा थर मायोएपिथेलियल पेशींचा, ज्या आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. त्याच्या बाहेर पायाची बारीक पडदी, बेसमेंट मेंब्रेन.

मी शिकवताना या बाहेरच्या थराला गडगा म्हणते. आपल्या आगरांना, परसांना जसा जांभ्याच्या दगडांचा गडगा असतो, तसा हा प्रत्येक नळीभोवती. कॅन्सर जेव्हा पसरायला लागतो, तेव्हा त्याच्या पेशी गडग्याच्या बाहेर पडून तंतूंत आणि चरबीत हिंडतात, आणि त्यांच्याभोवती गडगा नसतो. म्हणून स्लाइड वाचताना दोन प्रश्न विचारायचे. गडगा शाबूत आहे का? आणि गडग्याच्या आत राहतंय कोण? दोन्ही विचारायचे, एकावर थांबायचं नाही. कारण डीसीआयएसमध्ये, म्हणजे नळीच्या आतच राहिलेल्या कॅन्सरमध्ये, गडगा उभा असतो आणि आत कॅन्सरच्याच पेशी भरलेल्या असतात. गडगा दिसला म्हणून साधी गाठ लिहिली, तर मोठी चूक होते.

बहुतेक गाठी एच अँड ईवरच सुटतात. फायब्रोअॅडेनोमा या साध्या गाठीची कड गुळगुळीत, तंतू आणि नळ्या एकमेकांना धरून वाढलेल्या. उघड उघड पसरणारा कॅन्सरही लपत नाही: वेडेवाकडे पेशींचे पुंजके, मोठी असमान केंद्रकं, मायटोसिस म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी, चरबीत घुसलेल्या रांगा. यांना आयएचसीची गरज नाही. पेशंटच्या घरच्यांचे पैसे उगीच खर्च करू नका.

अडचण येते ती काही ठरावीक ठिकाणी. स्क्लेरोझिंग अॅडेनोसिस आणि रेडियल स्कार या दोन साध्या वाढींत तंतू वाढून नळ्यांना चेपतात. चेपलेल्या नळ्या टोकदार होतात, गडगा इतका दबतो की साध्या रंगात दिसत नाही, आणि चित्र हुबेहूब ट्युब्युलर कार्सिनोमा या कॅन्सरसारखं होतं. अशा वेळी परत कमी पॉवरवर जा. अॅडेनोसिसमध्ये झुबक्याचा गोल आकार टिकून असतो, नळ्या मध्यभागी जास्त चेपलेल्या आणि कडेला उघड्या असतात. ट्युब्युलर कार्सिनोमाच्या नळ्या बहुधा उघड्या, कोनदार, एकाच थराच्या, आणि झुबक्याची पर्वा न करता चरबीत शिरलेल्या. तरीही शंका उरली, तर आयएचसी.

तपकिरी रंग: आयएचसी

तत्त्व साधं आहे. विशिष्ट प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी लावायची, तिला एन्झाइम जोडायचं, आणि डीएबी हे रसायन टाकलं की जिथे ते प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. फॉर्मॅलिनने प्रथिनांना गाठी मारलेल्या असतात, त्या उष्णतेने सोडवाव्या लागतात. १९९१ साली ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि तिथून रोजच्या ब्लॉकवर आयएचसी करणं सोपं झालं.

महागडं यंत्र नसेल तरी चालतं. आमच्याकडे स्टीलचा पाच लिटरचा प्रेशर कुकर आहे, लॅबचाच, स्वयंपाकघरात कधी गेला नाही आणि जाणार नाही. स्लाइड आदल्या दिवशी ६० अंशांवर तासभर भाजून घेतो. मेण काढून पाण्यात आणतो. पी६३ (गडग्यातल्या पेशींच्या केंद्रकांत असणारं प्रथिन) आणि ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) यांच्यासाठी आम्ही ट्रिस-ईडीटीए हा बफर वापरतो, पीएच ९. काही अँटिबॉडीजना सायट्रेट बफर लागतो, पीएच ६. किटसोबतचा कागद वाचा आणि त्याच्याशी वाद घालू नका. बफर आधी उकळू द्या, मग स्लाइड आत, पूर्ण दाब आल्यावर २ ते ३ मिनिटं. कुकर उतरवून वाफ गेल्यावरही स्लाइड त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू द्या. घाईने गार पाण्यात टाकलं तर सेक्शन सुटून येतं.

मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं, म्हणजे ऊतीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज गप्प बसतं. बफरने धुणं. पहिली अँटिबॉडी ३० ते ६० मिनिटं, ओलसर डब्यात. आमचा डबा म्हणजे झाकणाचा पसरट प्लास्टिकचा डबा आणि तळाशी ओला टिश्यू. धुणं, एन्झाइम जोडलेलं पॉलिमर, धुणं, डीएबी पाच मिनिटं, पाणी, हलकं हिमॅटॉक्झिलिन. डीएबी हाताळताना हातमोजे घाला आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

या सगळ्यात स्लाइड एकदाही सुकता कामा नये. आमच्या एका ताईंच्या स्लाइडच्या कडा दर मे महिन्यात गडद तपकिरी यायच्या. कारण डोक्यावरचा पंखा होता. उकाड्यात तो बंद ठेवणं सोपं नाही, पण रन चालू असताना तो बंदच राहतो, आता खोलीच्या दारावर तशी पाटी आहे.

अँटिबॉडीज २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमची वीज गेली ती लवकर आली नाही. मिरकरवाड्यातून मासळीचा बर्फ आणून थर्माकोलच्या खोक्यात बाटल्या ठेवल्या, बर्फाला न टेकवता, मध्ये वर्तमानपत्राचे थर घालून. गोठलेली अँटिबॉडीही खराब होते. नंतरचा पहिला रन पेशंटच्या स्लाइडवर न करता फक्त कंट्रोलवर केला. वीज जाऊन आली की हे करायचंच.

कंट्रोलबद्दल थोडं. सगळ्यात खरा कंट्रोल त्याच स्लाइडवर असतो: शेजारची एखादी साधी नळी. तिच्याभोवती पी६३ची तपकिरी केंद्रकं दिसली, तर अँटिबॉडीने काम केलंय. एसएमएमएचसी, म्हणजे स्मूथ मसल मायोसिन हेवी चेन, हिच्यासाठी रक्तवाहिनीची भिंत बघा. तीही पांढरी असेल तर तो रन रद्द. अशा स्लाइडवर गाठीभोवती गडगा नाही असं लिहिणं म्हणजे दिवा न लावता घरात कुणी नाही असं सांगणं.

एक अँटिबॉडी पुरत नाही

माझी एक चूक सांगते. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. चाळिशीतली बाई, दीड सेंटिमीटरची गाठ, स्क्लेरोझिंग अॅडेनोसिस की ट्युब्युलर कार्सिनोमा असा प्रश्न. तेव्हा माझ्याकडे एकच अँटिबॉडी होती, एसएमए, म्हणजे स्मूथ मसल अॅक्टिन. रंग छान आला. प्रत्येक नळीभोवती तपकिरी रेघ. मी साध्या गाठीचा रिपोर्ट लिहून सहीसाठी ठेवला. रात्री झोप लागेना, कारण एच अँड ईवर त्या नळ्या चरबीत शिरलेल्या होत्या आणि माझं मन ते विसरायला तयार नव्हतं. सकाळी रिपोर्ट थांबवला, ब्लॉक मुंबईला माझ्या वरिष्ठांकडे पाठवला. त्यांनी पी६३ केलं. नळ्यांभोवती एकही तपकिरी केंद्रक नव्हतं. कॅन्सर होता.

झालं होतं असं, की कॅन्सरभोवतीच्या तंतूंमधल्या मायोफायब्रोब्लास्ट पेशीही एसएमएने रंगतात. ती रेघ गडग्याची नव्हती, बाहेर उगवलेल्या झुडपांची होती. म्हणून आता नियम ठेवलाय: किमान दोन अँटिबॉडीज, एक केंद्रकात रंगणारी आणि एक पेशीद्रवात. मी पी६३ आणि एसएमएमएचसी ही जोडी घेते. पी६३ मायोफायब्रोब्लास्टना हात लावत नाही, पण ती फक्त केंद्रकं रंगवते, त्यामुळे ठिपक्यांची रांग दिसते आणि मध्ये मोकळ्या जागा असतात. त्या जागा म्हणजे भगदाड नव्हे. एसएमएमएचसी सलग रेघ देते आणि एसएमएपेक्षा कमी फसवते. कॅल्पोनिनही चांगली, फक्त तीही कधी तंतूंत रंगते. रेडियल स्कारमध्ये यातली एखादी फिकी पडू शकते, म्हणूनही जोडी हवी.

वाचताना तपकिरी केंद्रक नेमकं कुठे आहे ते बघा. नळीच्या कडेला, चपटं, अस्तर आणि तंतू यांच्या मध्ये असेल तर ते गडग्याचं. पुंजक्याच्या आत विखुरलेली तपकिरी केंद्रकं असतील तर ती कॅन्सरच्या पेशींचीही असू शकतात. स्क्वेमस, म्हणजे कातडीच्या पेशींसारख्या वळणाच्या कॅन्सरमध्ये पी६३ रंगते.

आता दुसरा प्रश्न, आत कोण राहतंय. नळी पेशींनी गच्च भरली आहे, गडगा शाबूत आहे. ही साधी वाढ, म्हणजे युजुअल डक्टल हायपरप्लेशिया, की अॅटिपिकल, म्हणजे साध्यापेक्षा वेगळ्या वळणाची वाढ किंवा सौम्य दर्जाचं डीसीआयएस? इथे सीके५/६, म्हणजे ठरावीक केराटिन प्रथिनांना धरणारी अँटिबॉडी, आणि ईआर लावा. साध्या वाढीत नाना तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे सीके५/६ ठिकठिकाणी उमटते, गोधडीच्या ठिगळांसारखी, आणि ईआरही कुठे गडद, कुठे फिका, कुठे नाही. अॅटिपिकल वाढीत आणि सौम्य दर्जाच्या डीसीआयएसमध्ये सगळ्या पेशी एकाच वंशाच्या: सीके५/६ आत कुठेच नाही आणि ईआर सगळीकडे सारखा गडद. या दोघांतला फरक मात्र कुठलाही रंग सांगत नाही. तो विस्तारावरून, म्हणजे २ मिलिमीटर किंवा दोन नळ्या, अशा मोजमापावरून ठरतो. शिवाय अपोक्राइन, म्हणजे घामग्रंथीसारख्या पेशी साध्या असूनही सीके५/६ आणि ईआर दोन्हींना निगेटिव्ह असतात, आणि काही उग्र डीसीआयएस सीके५/६ला पॉझिटिव्ह येतात. उग्र केंद्रकं एच अँड ईवर दिसत असतील, तर सीके५/६च्या भरवशावर त्यांना साधं ठरवू नका. तसंच, ईआर पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का, असं नातेवाईक विचारतात. साध्या नळ्यांतही ईआर असतोच.

पॅपिलरी, म्हणजे आत फांद्या फुटलेल्या गाठींत गडगा दोन ठिकाणी शोधायचा: आतल्या फांद्यांवर आणि बाहेरच्या कडेला. साध्या पॅपिलोमात दोन्हीकडे असतो. पॅपिलरी डीसीआयएसमध्ये फांद्यांवर नसतो, कडेला असतो. एन्कॅप्सुलेटेड पॅपिलरी कार्सिनोमात बहुधा दोन्हीकडे नसतो.

आणि एक अपवाद माहीत असावा. मायक्रोग्लँड्युलर अॅडेनोसिसला गडगाच नसतो, तरी ती साधी. लहान गोल ग्रंथी, आत गुलाबी स्राव, चरबीत पसरलेल्या. तिथे एस१०० पॉझिटिव्ह, ईआर निगेटिव्ह येतं आणि कोलॅजन ४ लावलं तर पायाची पडदी सापडते. दुर्मिळ आहे, पण पी६३ निगेटिव्ह म्हणून स्तन काढायला सांगण्याआधी हे आठवावं.

गाठ दगडासारखी, पण कॅन्सर नाही

एक प्रकार मला नेहमी काळजीत टाकतो. तरुण बाई, मूल दोन-चार वर्षांचं, स्तनात कडक दुखरी गाठ, सोनोग्राफीवर कॅन्सरचा संशय, आणि घरात रडारड. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाच्या पेशींचे गोळे, मोठ्या बहुकेंद्रकी पेशी, न्यूट्रोफिल्स. इथे आयएचसीपेक्षा जुने रंग कामाचे: टीबीसाठी झेडएन, बुरशीसाठी पीएएस, आणि ग्रॅम. झेडएन निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही, जंतू थोडे असतात. शक्य असेल तर ताज्या तुकड्याचा एक भाग कल्चर आणि सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी वेगळा पाठवा. हा एकच भाग फॉर्मॅलिनमध्ये नाही, निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि लगेच.

सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीबद्दल, म्हणजे एफएनएसीबद्दल थोडक्यात. हवेत सुकवलेल्या स्लाइडला गिम्सा, ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये टाकलेल्या स्लाइडला पॅप. साध्या गाठीत अस्तराच्या एकसंध चादरी आणि आजूबाजूला विखुरलेली उघडी, दोन्ही टोकांना निमुळती केंद्रकं दिसतात. ती गडग्यातली दगडंच, सुईने निखळलेली. कॅन्सरमध्ये ती बहुधा नसतात आणि पेशी सुट्या सुट्या, पेशीद्रवासकट पडलेल्या असतात. पण निखळलेल्या दगडांवरून गडगा कुठे होता ते कळत नाही, म्हणून कॅन्सर पसरलाय की नळीतच आहे, हे एफएनएसीवर लिहू नका. बायोप्सी मागा.

शंका असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि ब्लॉक वरिष्ठांकडे पाठवा. आमचे ब्लॉक कितीतरी वेळा पेशंटच्या भावाच्या नाहीतर मुलाच्या खिशातून तुतारी एक्स्प्रेसने दादरला आणि तिथून परळच्या टाटा हॉस्पिटलला गेले आहेत. मेणाचा ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, हे त्यांना बजावून सांगा. सोबत एच अँड ईची स्लाइड, तुमचा रिपोर्ट आणि वयासकट पूर्ण माहिती द्या. ब्लॉक गेल्याची नोंद वहीत करा आणि परत आल्यावर ती खोडा.

त्या बरणीवाल्या मुलाची आई आठवड्याने आली. या वेळी सुईची बायोप्सी आमच्याच फॉर्मॅलिनमध्ये, बरणीवर दोन्ही वेळा लिहिलेल्या. एच अँड ईवर चेपलेल्या टोकदार नळ्या, पण झुबक्याचा आकार टिकलेला. पी६३ची ठिपक्यांची रांग प्रत्येक नळीभोवती, एसएमएमएचसीची सलग रेघ. स्क्लेरोझिंग अॅडेनोसिस. सर्जनना फोन करून सोनोग्राफीशी मेळ बसतोय का ते विचारलं, बसत होता, मग सही केली. दोन्ही वेळच्या स्लाइड मी एकाच ट्रेमध्ये ठेवल्या आहेत. लॅबमध्ये नवीन कुणी आलं की आधी सलाइनमधली करडी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावते आणि विचारते, यात गडगा दाखव. थोडा वेळ शोधू देते. मग दुसरी लावते.